मॉडिफाय केलेल्या गाडीसाठी काच बनवून घेताना: फर्म्यापासून फिटिंगपर्यंत

टफन काच (तापवून झटकन थंड केलेली कडक काच) भट्टीतून बाहेर आली की तिचं माप, तिची भोकं, तिचे कोपरे सगळं कायमचं ठरलेलं असतं. नंतर एखादा मिलिमीटर घासायला गेलात तरी अख्खी काच भुगा होऊन खाली सांडते. जीपवर हार्डटॉप चढवलेला असो, व्हॅनच्या पत्र्यात खिडकी काढून कॅम्पर केलेली असो किंवा जुन्या गाडीची काच बाजारातून नाहीशी झालेली असो, खरं काम काच कापायच्या आधीचं असतं. या लेखातही सगळ्यात जास्त जागा त्या कामाला दिली आहे.

कुठे कोणती काच

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० गाडीच्या सगळ्या काचांना सुरक्षा काचेची अट घालतो. पुढची काच लॅमिनेटेडच, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असलेलीच हवी. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन किंवा लॅमिनेटेड चालतात. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे.

त्यासाठीचं भारतीय मानक आहे आयएस २५५३, आणि घोळ इथेच होतो. या मानकाचा भाग १ इमारतींच्या आणि इतर सर्वसाधारण वापराच्या काचेसाठी आहे, भाग २ रस्त्यावरच्या वाहनांसाठी. दुकानांचे दरवाजे आणि शॉवरची पार्टिशन बनवणारा टफनिंगवाला तुम्हाला आनंदाने काच टफन करून देईल, वर आयएसआयचा शिक्काही मारेल. पण तो भाग १ चा असेल. गाडीला तो उपयोगाचा नाही. ऑर्डर देण्याआधी ‘वाहनाच्या काचेचं, म्हणजे भाग २ चं लायसन्स आहे का’ हे थेट विचारा आणि त्यांनी बनवलेल्या एखाद्या काचेवरची खूण डोळ्यांनी बघा.

साधी फ्लोट काच कुठल्याही खिडकीला लावू नका, तात्पुरतीसुद्धा नाही. फुटली की तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात. ॲक्रिलिकचेही धारदार तुकडे पडतात. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, पण धुतानाच्या धुळीनेही त्यावर ओरखडे येतात आणि उन्हात ते पिवळं पडतं. ते ट्रॅकवरच्या गाड्यांसाठी ठीक; रस्त्यावरच्या गाडीला सुरक्षा काचच लागते.

टफन की लॅमिनेटेड? वर-खाली होणाऱ्या दाराच्या काचेला टफन, यात वाद नाही. पक्क्या बसवलेल्या वेड्यावाकड्या आकाराच्या खिडकीला मात्र सपाट लॅमिनेटेडचा विचार जरूर करा. दोन काचांच्या मध्ये साधारण ०.७६ मिमी जाडीचा पीव्हीबी या प्लास्टिकचा थर असतो. कारागीर दोन्ही बाजूंनी हिऱ्याची रेघ मारतो, काच उकलतो, थर गरम करून ब्लेडने कापतो. म्हणजे तीन-चार मिलिमीटर जास्त निघाली तर दुरुस्ती शक्य असते. मोठ्या शीटमधून कापून घेत असाल तर आयएसआयची खूण असलेला कोपरा तुमच्या तुकड्यात यायला हवा, हे आधीच सांगा.

एक गोष्ट कॅम्परवाले विसरतात: लॅमिनेटेड काच हातोडीने फोडून बाहेर पडता येत नाही. मागच्या भागात माणसं बसणार किंवा झोपणार असतील तर तिथली किमान एक खिडकी उघडणारी किंवा टफन ठेवा.

रंग काचेतच घ्या. हलकी हिरवी ४ किंवा ५ मिमी काच आरामात ५० टक्क्यांच्या वर राहते. करडी ६ मिमी काच मात्र ५० च्या खाली जाते, म्हणून करड्या रंगासाठी जाडी आणि टक्केवारी लेखी घ्या. वरून फिल्म लावायचा विचार सोडा. काचेवर फिल्म लावायला मनाई करणाऱ्या २७ एप्रिल २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून मुंबईचे वाहतूक पोलीस फिल्मच्या बाबतीत कडक आहेत. शिवाय दोन्ही टक्क्यांचा गुणाकार होतो: ७५ टक्क्यांच्या काचेवर ६५ टक्क्यांची फिल्म लावली की उरतात जेमतेम ४९.

सपाट की गोलाईची

खिडकीच्या चौकटीवर स्टीलची सरळ पट्टी आडवी आणि मग उभी धरा. पट्टीच्या मधोमध चौकट किती आत किंवा बाहेर जाते ते मोजा. कारागीर याला काचेचं पोट म्हणतात. पट्टीची लांबी ६०० मिमी आणि पोट १२ मिमी असेल तर ६०० × ६०० ला ८ × १२ ने भागा, ३७५० येतात. त्यात पोटाचं अर्धं, म्हणजे ६, मिळवा. गोलाईची त्रिज्या झाली ३७५६ मिमी. हा आकडा हातात असला की समोरचा माणूस तुमच्याशी कामाचं बोलायला लागतो.

पोट दोन्ही दिशांना निघालं तर काच दुहेरी गोलाईची आहे आणि एका नगासाठी साचा बनवणं खिशाला फार जड जातं. एकाच दिशेला असेल तर बेंडिंग करणारा शोधता येतो, तरीही साच्याचा खर्च तुमच्याच माथी. अशा वेळी तीन वाटा उरतात. जवळपास तीच त्रिज्या असलेली दुसऱ्या मॉडेलची काच शोधायची आणि चौकट तिच्या मापाने बनवायची. किंवा पत्र्याच्या कामातच सपाट चौकट वेल्ड करून घ्यायची. किंवा पक्क्या खिडकीत पोट ६०० मिमीला दोन-तीन मिमीच असेल तर सपाट काच घेऊन तो फरक पीयूच्या (काच चिकटवायच्या पॉलियुरेथेनच्या) जाड थरात सामावून घ्यायचा. दाराच्या काचेला ही तिसरी वाट बंद आहे. दारातला चॅनल, म्हणजे काच सरकते ती खाच, वाकडा आणि काच सपाट असेल तर ती अर्ध्यावर अडकते आणि रेग्युलेटरची (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेची) केबल तोडते.

आमचा सल्ला पहिल्या वाटेचा. तयार काच शिक्क्यासह येते, काळ्या पट्टीसह येते आणि पुढेमागे फुटली तर परत मिळते. चौकट काचेप्रमाणे बदलणं हे काच चौकटीप्रमाणे बनवण्यापेक्षा नेहमीच सोपं असतं. जुन्या विलीज किंवा महिंद्रा सीजेसारख्या सपाट काचेच्या जीपवाल्यांना हा प्रश्नच येत नाही.

फर्मा

आधी चौकट पूर्ण करा. वेल्डिंग, ग्राइंडिंग, पुट्टी, प्रायमर, रंग हे सगळं संपल्यावरच माप घ्यायचं. पुट्टीचा एक-दीड मिमीचा थर दोन्ही बाजूंनी धरला की उघड्या पत्र्यावर घेतलेलं माप तीन मिमीने चुकलेलंच असतं. गाडी चाकांवर उभी असावी, जॅकवर नव्हे, कारण बॉडी पिळवटते. छताचे आणि दारांचे सगळे बोल्ट शेवटच्या ताणाला आवळलेले असावेत.

मग पिळ तपासा. चौकटीच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन दोरे कर्णाने ताणून चिकटवा. मध्यावर ते एकमेकांना जेमतेम शिवले पाहिजेत. फट दिसली तर चौकट एका पातळीत नाही. फट नसली तरी खालचा दोरा वर घेऊन पुन्हा बघा, कारण एक दोरा दुसऱ्याला दाबत असेल तर पहिल्या वेळी ते लपतं. दोन मिमीपेक्षा जास्त पिळ असेल तर पत्रावाल्याकडे परत जा. रबर तो फरक लपवेल खरं, पण काच कायम एका कोपऱ्यात ताणाखाली राहील आणि एखाद्या खड्ड्यात गाडी आदळली की तडकेल.

फर्म्यासाठी, म्हणजे काचेच्या मापाच्या नमुन्यासाठी, पुठ्ठा वापरू नका. पावसाळ्यातल्या मुंबईच्या हवेत तो रात्रीत फुगतो, एमडीएफचंही तेच. ३ मिमी सनबोर्ड (फोमचा प्लास्टिक बोर्ड) घ्या, चौकटीपेक्षा मोठा कापा, आतून घट्ट दाबून धरा आणि बाहेरून टोकदार पेन्सिलीने कड उमटवा. आता या रेघेच्या आत किती यायचं, हे बसवण्याच्या पद्धतीवर ठरतं.

रबर बीडिंगमध्ये बसणार असेल तर आधी बीडिंग विकत घ्या, मग माप काढा. पत्र्याची खाच आणि काचेची खाच यांच्या मधला रबराचा भाग व्हर्नियरने मोजा. तो ५ मिमी असेल तर अधिक १ मिमी मोकळीक धरून प्रत्येक बाजूने ६, म्हणजे रुंदीत १२ आणि उंचीत १२ मिमी कमी करा. कोपऱ्यांची गोलाई ५० मिमी त्रिज्येपेक्षा लहान ठेवलीत तर बहुतेक बीडिंग तिथे सुरकुततं आणि पाणी तिथूनच आत येतं.

पीयूने चिकटवायची असेल तर काच पत्र्याच्या कडेवर १५ ते २० मिमी चढली पाहिजे आणि बाहेरच्या पत्र्यापासून चारी बाजूंनी ४ मिमी फट राहिली पाहिजे. दाराच्या चॅनलमध्ये काच १० ते १२ मिमी आत जावी आणि दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिमी मोकळी असावी.

सनबोर्ड बसला की त्यावरून काचेच्याच जाडीचा ॲक्रिलिकचा डमी लेझरने कापून घ्या. लेझर कटिंग मुंबईत सहज होतं, आणि डमीचा खर्च चुकीच्या टफन काचेपेक्षा कितीतरी कमी असतो. हा डमी खऱ्या रबरात, खऱ्या चॅनलमध्ये बसवा. दार आपटून बघा, काच वीसेक वेळा वर-खाली करा. जिथे घासते तिथे ॲक्रिलिकवर पांढरा ओरखडा उमटतो; कानस घेऊन तेवढीच जागा कमी करा. डमी मनासारखा झाला की तोच तुमचा फर्मा. डावा आणि उजवा वेगळा बनवा. हाताने बांधलेल्या बॉडीत दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या कधीच नसतात.

भोकं, कोपरे, जाडी

रेग्युलेटरच्या क्लॅम्पची किंवा बिजागरीची भोकं टफन करण्याआधीच पडतात. भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा लहान नको. भोकाची कड काचेच्या कडेपासून जाडीच्या किमान दुप्पट आणि कोपऱ्यापासून सहापट लांब ठेवा. खाच असेल तर तिच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई द्या. काटकोनी खाचेतून काच भट्टीतच फुटते. कडा मशीनने घासून पेन्सिल एज (गोलसर कड) करायला सांगा. न घासलेल्या कडेतली बारीक कपची हीच टफन काच फुटण्याची सुरुवात असते.

जाडीत एक अडचण येते. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या दाराची काच पुष्कळदा ३.२ ते ४ मिमीची असते आणि इमारतींचं काम करणाऱ्या अनेक भट्ट्या ४ मिमीच्या खाली टफन करत नाहीत. जाडी वाढली की वजन वाढतं: दर चौरस मीटरला दर मिलिमीटरमागे अडीच किलो. दाराची काच ०.३५ चौरस मीटरची असेल तर ३.२ मिमीला २.८ किलो, ५ मिमीला जवळपास ४.४ किलो. जुन्या पॉवर विंडोची मोटर एवढ्याने दमते आणि चॅनलचं रबरही ५ मिमीला घट्ट होतं. ४ मिमीवर थांबा.

टफन काचेच्या मापात ±२ मिमीचा फरक गृहीत धरा. मोकळीक ठेवताना तो दोन्हीकडे मावला पाहिजे.

मुंबईत कुठे जायचं

दुसऱ्या मॉडेलची काच, जुने रेग्युलेटर, चॅनल आणि बीडिंग यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. स्पेअर पार्टच्या जुन्या पेढ्यांसाठी ऑपेरा हाऊस. जुन्या गाड्यांच्या वस्तूंसाठी चोर बाजारात फेरी मारायला हरकत नाही, पण मापाची पट्टी आणि सनबोर्डचा फर्मा सोबत न्या. ‘बसेल’ या शब्दावर काच घेऊ नका.

नवीन सपाट काच बनवून घ्यायची असेल तर सगळ्यात चांगली वाट बस बॉडी बांधणाऱ्यांची. त्यांना रोज वेगवेगळ्या मापाच्या, भाग २ चा शिक्का असलेल्या टफन आणि लॅमिनेटेड काचा लागतात. त्यांना काच पुरवणारा माणूस तुमचे दोन-तीन नगही त्याच घाण्यात टाकू शकतो. कॅम्परसाठी ॲल्युमिनियम फ्रेमच्या सरकत्या खिडक्याही याच मंडळींकडे मिळतात. टफनिंगच्या भट्ट्यांसाठी वसई, भिवंडी आणि तळोजा हे पट्टे बघा. गाड्यांच्या कंपन्यांना काच पुरवणाऱ्या मोठ्या कारखान्यांकडे एका नगासाठी जाण्यात अर्थ नाही.

भाव चौरस फुटावर सांगतात, पण वेड्यावाकड्या आकाराचं माप त्याच्याभोवती बसणाऱ्या पूर्ण चौकोनाचं धरतात. एज पॉलिश रनिंग फुटावर, भोक आणि खाच नगावर, टफनिंग वेगळं. कोटेशनमध्ये हे सगळं सुटं लिहून मागा, नाहीतर दोन दुकानांची तुलनाच होत नाही.

ऑर्डर तोंडी देऊ नका. फर्म्यावरच मार्करने लिहा: गाडीची डावी की उजवी, ‘ही बाजू बाहेर’, वरच्या दिशेचा बाण, जाडी, रंग, टफन की लॅमिनेटेड, भोकांचे व्यास, शिक्का कोणत्या कोपऱ्यात, आणि ‘माप फर्म्याइतकंच, कमी-जास्त करू नये’. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. खिडक्या-दारांचं काम करणारा काचवाला सवयीने माप थोडं कमी करतो आणि तुम्ही आधीच कमी केलेलं असतं. सगळी मापं मिमीतच द्या. सूत आणि मिमी एकत्र आले की चूक ठरलेली. एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी, तोंडी हिशेबात ते तीन होतात आणि दहा सुतांत पावणेदोन मिमी हरवतात.

पीयूने चिकटवायच्या काचेला कडेची काळी सिरॅमिक पट्टी लागते, जी टफन करतानाच भाजली जाते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून पीयूला वाचवणं हे तिचं काम. ती करून मिळत नसेल तर बाहेरून पट्टी किंवा मोल्डिंगने कड झाकायची सोय चौकटीतच करा.

ताब्यात घेताना

प्रत्येक आकाराचे दोन नग सांगा. एक सुटा नग पुढे उपयोगी पडतो, आणि शंका असेल तर फोडून बघता येतो. काचेवर पारदर्शक टेप चिकटवा, जाड कापडाखाली टोकदार पंचने कडेजवळ ठोका, मग फटका बसलेल्या जागेपासून आणि कडांपासून दूर ५ × ५ सेंमीचा चौकोन आखून तुकडे मोजा. चाळिसापेक्षा कमी आणि मोठे, लांबट तुकडे असतील तर टफनिंग नीट झालेलं नाही.

न फोडता बघायचं असेल तर पोलराइज्ड गॉगल चढवा आणि सकाळी किंवा संध्याकाळी आकाश काचेत दिसेल अशी तिरकी धरा. टफन काचेत करड्या-निळसर ठिपक्यांच्या किंवा पट्ट्यांच्या ओळी दिसतात. हवेचे झोत जिथे बसले त्या त्या जागा. साधी काच कोरी दिसते. दुकानात उभ्या उभ्या करता येणारी ही तपासणी आहे, ती चुकवू नका.

मग शिक्का, आयएसआय खुणेसोबतचा लायसन्स क्रमांक आणि भाग २ वाचा. फर्मा काचेवर ठेवून चारी कडा बोटाने चाचपा. सरळ पट्टी ठेवून काच वाकलेली नाही ना ते पाहा. मीटरला तीन मिमीपर्यंत चालतं. टेम्पोतून आणताना काच उभीच आणा, खाली रबर, मध्ये कागद. टफन काच पृष्ठभागावरचा मार सहन करते, पण लादीवर कोपरा टेकला की संपली.

बसवणं

पत्र्याची कड पुन्हा तपासा. समुद्राच्या हवेने रंगाच्या एका टवक्यातूनही गंज सुरू होतो. रबराखाली गंज फुगला की तो काचेवर एकाच बिंदूत दाब देतो आणि महिन्यांनी ‘आपोआप’ तडा जातो. उघडा पत्रा दिसला तर इपॉक्सी प्रायमर, पूर्ण सुकू द्या, मगच पुढे.

बीडिंगसाठी रबर काचेवर चढवा आणि पत्र्याच्या खाचेत ४-५ मिमी जाडीची नायलॉनची दोरी फिरवा. दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवर ३० सेंमी येऊ द्या. साबणाचं पाणी लावा. तेल किंवा पेट्रोल नको, रबर फुगतं. एकाने बाहेरून तळव्यांनी दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी काचेच्या मध्याकडे ओढायची. दोरी सरकते तसं रबराचं ओठ पत्र्यावर चढत जातं. अडलं तर जोर लावू नका, थोडं मागे घ्या. खालच्या बाजूला पाणी निघून जायला वाट ठेवा, नाहीतर लॅमिनेटेड काचेची कड वर्षभरात दुधाळ व्हायला लागते.

चिकटवायला वाहनांच्या काचेचं पीयूच वापरा, सोबत काचेचा आणि पत्र्याचा त्याच कंपनीचा प्रायमर. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज लावतं आणि लॅमिनेटेडचा थर सोडवतं. नळीचं टोक V आकारात कापा, साधारण १० मिमी रुंद आणि १२ मिमी उंच त्रिकोणी रेघ न तोडता फिरवा, ५ मिमीचे रबरी ठोकळे खाली ठेवून काच टेकवा. पीयू हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, म्हणून दमट हवेचा त्रास नाही. पण पत्र्यावर किंवा काचेवर पाण्याचा थेंब असेल तर तिथे ते धरतच नाही. पावसाळ्यात हे काम छताखालीच करा. गाडी कधी हलवायची ते नळीवर लिहिलेल्या वेळेप्रमाणे. तोवर दारं आपटू नका, एक खिडकी थोडी उघडी ठेवा.

कागद

त्याच चौकटीत, त्याच दर्जाची काच बदलणं ही दुरुस्ती आहे. पत्रा कापून नवी खिडकी काढणं, छत बदलणं, मालवाहू व्हॅनचा कॅम्पर करणं हा बदल आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो येतो. त्यासाठी ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे तिथे, ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, पत्रा कापण्याआधी अर्ज करा आणि बदल आरसीवर चढवून घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा. काचेचं बिल मागताना त्यावर ‘आयएस २५५३ भाग २’, जाडी आणि नगांची संख्या लिहून घ्या. क्लेमच्या वेळी सर्व्हेयर हेच मागतो.

पीयू पूर्ण पक्कं झाल्यावर पाइपने वरून खाली पाणी सोडा, प्रत्येक बाजूला पाच मिनिटं, आणि आतून कोरड्या वर्तमानपत्राने कोपरे दाबून बघा. गळती कुठून आहे ते कागदावरचा डाग लगेच दाखवतो. डमीवर गाडीचा नंबर आणि बाजू लिहून तो सपाट जागी ठेवून द्या. उभा टेकवलेला ॲक्रिलिक उन्हाळ्यात वाकतो.